शुद्धीतला निर्णय

आपण कोण आहोत हे जो माणूस कुणालाच कळू देत नाही, त्याची शिरगणती कशी करायची? दार ठोठावून विचारायची सोय नाही, कारण खरं उत्तर दिलं तर तुरुंगाची भीती. शेजारपाजारी विचारायचं म्हटलं, तर ज्याच्याबद्दल विचाराल त्याचं घरच उठायचं. केनियातल्या मोंबासा शहरात २००६ साली संशोधकांपुढे हाच पेच होता. हिंदी महासागराच्या काठावरचं हे जुनं बंदर. इथे पुरुषांशी धंदा करणारे पुरुष आहेत हे ऐकून सगळ्यांना माहीत होतं. पण किती? पन्नास की पाच हजार? केनियाच्या दंडसंहितेचं कलम १६२ पुरुषापुरुषांतल्या शरीरसंबंधाला चौदा वर्षांपर्यंतची कैद सांगतं. अशा ठिकाणी हात वर कोण करणार?

वाट सापडली ती मासे मोजणाऱ्यांच्या एका जुन्या युक्तीत. तळ्यातले शंभर मासे पकडायचे, प्रत्येकाला खूण करायची आणि सोडून द्यायचे. आठवड्याने पुन्हा शंभर पकडायचे. त्यांत खुणेचे दहा निघाले, तर खुणेचे मासे तळ्यातल्या एकूण माशांच्या एक दशांश आहेत, आणि खुणा तर आपण शंभरच केल्या होत्या. म्हणजे तळ्यात साधारण हजार मासे! तळं उपसायला नको, प्रत्येक मासा दिसायलाही नको. मोंबासात हेच गणित अड्ड्यांवर भेटणाऱ्या माणसांना लावलं. पहिल्या फेरीत भेटलेल्यांपैकी दुसऱ्या फेरीत पुन्हा किती जण भेटतात, एवढंच पाहिलं. उत्तर आलं ७३९. ज्यांचं अस्तित्वच कुणी कबूल करत नव्हतं, त्या लोकांचा आकडा एकही घर न उघडता कागदावर आला.

आकडा आल्यावर त्यांच्याशी बोलणं शक्य झालं. २००६ च्या अखेरीस यांतल्या ४२५ जणांच्या मुलाखती झाल्या. त्यातून जे बाहेर आलं ते वाचताना मी अक्षरशः थबकलो. एचआयव्ही गुदमैथुनातून पसरतो हे ३५ टक्के लोकांना माहीतच नव्हतं. ज्यांचा धंदाच तो, त्यांच्यातल्या तिघांमागे एकाला!

हे अज्ञान आलं कुठून? त्या काळातली पोस्टर आठवून पाहा, आपल्याकडचीही. भिंतीवर एक नवरा, एक बायको, मध्ये लाल फीत. जाहिरात बाई आणि पुरुषाबद्दल बोलत होती, आणि ती वाचणाऱ्या पुरुषाने सरळ तर्क केला की धोका बाईकडून आहे, म्हणजे पुरुषासोबत आपण सुखरूप. तर्क बरोबर होता. त्याला दिलेली माहिती अर्धी होती.

आणि शरीराची रचना नेमकी याच्या उलट सांगते. योनीचं अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं, घासणं आणि ताण सोसायला तयार केलेलं. गुदाशयाचं अस्तर मात्र पेशींच्या एकाच थराचं! त्याचं काम पाणी शोषून घेण्याचं, त्यामुळे ते पातळच असायला हवं. त्याहून नवल पुढे आहे. या एका थराच्या लगेच मागे आपल्या प्रतिकारशक्तीची मोठी छावणी पडलेली असते. अन्न आणि जंतू जिथून रोज जातात त्या सरहद्दीवर शरीर पहारा ठेवणारच. पण एचआयव्हीला राहायला घर कुठलं लागतं? याच पहारेकऱ्यांच्या पेशी. इतर जंतू जिथे पकडले जातात, तिथेच या विषाणूला हवं ते मिळतं.

म्हणून आकडे इतके दूर जातात. जोडीदाराला एचआयव्ही आहे, त्याने औषध घेतलेलं नाही आणि कंडोमही नाही, असं धरू. योनिमार्गे संबंधात स्त्रीला लागण होण्याचं प्रमाण दहा हजार वेळांमागे साधारण ८. गुदमार्गे संबंधात आत घेणाऱ्याला तेच प्रमाण दहा हजारांमागे १३८. सतरा पट! विषाणू तोच, बदलली ती फक्त भिंत.

मग कंडोम आहे की. हो, पण इथे रसायनशास्त्र आडवं येतं. गुदाशयाला योनीसारखा नैसर्गिक ओलावा नसतो, म्हणून वंगण लागतंच. ते नसेल तर अस्तरही फाटतं आणि कंडोमही. पण वंगण म्हणून माणूस हाताशी असेल ते उचलतो: पेट्रोलियम जेली, खोबरेल, अंगाला लावायचं लोशन. आता घरी एक गंमत करून पाहा. फुगवलेल्या रबरी फुग्याजवळ संत्र्याची साल चिमटीत पिळा. सालीतल्या तेलाची फवार फुग्यावर पडली की तो फटकन फुटतो. तेल रबरात शिरतं, रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींपासून सैल होतात आणि ताण सोसायची ताकद जाते. कंडोमही त्याच लॅटेक्सचा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंडोमला खनिज तेल लावून फक्त साठ सेकंद ठेवलं. फुटेपर्यंत तो किती हवा घेतो हे मोजलं, तर ताकद जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटलेली! डोळ्यांना काही दिसत नाही. कंडोम जागच्या जागी, चकचकीत, आणि माणूस निर्धास्त. लॅटेक्सच्या कंडोमबरोबर पाण्यात विरघळणारं जेलच वापरायचं असतं, हे मोंबासातल्या त्या ४२५ जणांपैकी जेमतेम २१ टक्क्यांना ठाऊक होतं. म्हणजे जो काळजी घेत होता, तोसुद्धा तेलाची बाटली हातात घेऊन ती काळजी पुसून टाकत असण्याची शक्यता होती.

त्याच मुलाखतींतून दारूचा धागा हाती लागला. आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस पिणाऱ्यांत कंडोमशिवाय संबंध येण्याची शक्यता दीडपटीहून जास्त होती.

“प्यायला की भान सुटतं, त्यात काय नवल,” असं तुम्ही म्हणाल. पण आधी तो पितो का, ते बघू. त्याचं गिऱ्हाईक भेटतं बारमध्ये. काहीही न घेता बारमध्ये तासन्‌तास बसता येत नाही, आणि समोरच्याने मागवलेला ग्लास नाकारला तर ओळख तिथेच संपते. मोंबासाच्या किनाऱ्यावर म्नाझी मिळते. ती म्हणजे आपल्या कोकणातली माडीच, तीच नारळाची, तशीच पोय कापून काढलेली. रात्र लांब असते, म्हणून गालात मिरा असतो. ही कोवळी डहाळी केनिया पर्वताच्या बाजूला मेरूच्या डोंगरउतारांवर पिकते आणि तिचा व्यापार उघड चालतो. तिच्यातलं कॅथिनोन हे द्रव्य इतकं नाजूक, की डहाळी सुकू लागली की एक-दोन दिवसांत त्याचा जोर उतरतो. म्हणून ती केळीच्या पानात गुंडाळून, गाड्या भरधाव पळवत शेकडो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यापर्यंत पोचवतात. एका झाडाच्या रसायनाने अख्ख्या वाहतुकीचं घड्याळ ठरवलं! मिरा झोप उडवतो, आणि मग उडालेली झोप परत आणायला पुन्हा दारू. यात चैन कमी आणि कामाची गरज जास्त. मला तर हे रात्रपाळीचं हत्यार वाटतं.

आता मेंदूत काय होतं ते पाहा. दारू मेंदूतल्या ‘थांब’ सांगणाऱ्या रसायनाचा, म्हणजे गाबाचा, आवाज वाढवते आणि ‘चल’ सांगणाऱ्या ग्लुटामेटचा दाबते. दूरचा विचार करणारा कपाळामागचा भाग मंदावतो. १९९० साली क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी यावर एक विलक्षण कल्पना मांडली. त्यांच्या मते दारू माणसाला बेफिकीर करत नाही, ती त्याचं लक्ष आखूड करते. प्यायलेल्याला जवळचं आणि ठळक तेवढंच दिसतं. समोरचा माणूस, त्याच्या हातातले पैसे, आत्ताचा क्षण हे सगळं जवळ. सहा महिन्यांनी येणारा रक्ताचा रिपोर्ट दूर. दूरचं त्याला माहीत असतं, फक्त त्या घटकेला ते नजरेच्या टप्प्यात येत नाही.

ही कल्पना खरी असेल तर एक चमत्कारिक गोष्ट घडायला हवी. धोक्याची सूचनाच जवळ आणि ठळक करून ठेवली, तर प्यायलेला माणूस शुद्धीतल्या माणसापेक्षाही जपून वागायला हवा! वेडेपणा वाटतो ना? कॅनडातल्या संशोधकांनी हे करून पाहिलं. बारमध्ये शिरताना हातावर शिक्का मारतात, त्याचाच त्यांनी उपयोग केला. काहींच्या हातावर हसरा चेहरा, काहींच्या हातावर सुरक्षित संबंधांची साधी आठवण, आणि काहींच्या हातावर थेट ‘एड्स जीव घेतो’ असं. मग कंडोम जवळ नसताना काय कराल, असं प्रत्येकाला विचारलं. २००० साली निकाल प्रसिद्ध झाले. हातावर तो कडक शिक्का असलेले प्यायलेले लोक शुद्धीतल्यांपेक्षाही सावध उत्तरं देत होते. ग्लास उचलायला हात वर गेला की शिक्का डोळ्यांसमोर. आखूड झालेल्या लक्षात आता तोच मावत होता.

हा प्रयोग वाचल्यापासून मी दारू आणि धोका यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. दारुड्याला अक्कल शिकवण्यात अर्थ नाही, कारण अक्कल त्याच्याकडे असतेच. प्रश्न एवढाच, की ऐन रात्री त्याच्या नजरेच्या टप्प्यात काय आहे. आणि त्याहूनही मोठा प्रश्न, की तो निर्णय ऐन रात्री घ्यायची वेळच येऊ नये असं काही करता येईल का?

त्याआधी मोंबासाची दुसरी फेरी. २००८ साली तिथे ४४२ जणांची पाहणी झाली आणि या वेळी दारू नीट मोजली. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का, अशा प्रश्नांना गुण असतात आणि बेरजेवरून व्यसनाची पायरी कळते. पाचांमागे एक जण दारूवर पुरता अवलंबून निघाला. अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत या लोकांत कंडोम नेमाने न वापरण्याची शक्यता अडीचपट होती. आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची शक्यता दुप्पट.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. दारू प्याल्यावर अत्याचार होतो, की अत्याचार सोसल्यावर माणूस पितो? एका वेळच्या पाहणीत बाणाची दिशा दिसत नाही, आणि बहुधा तो दोन्हीकडे जातो. पण मला एक गोष्ट लख्ख दिसते. खोलीत दोन माणसं असतात. कंडोम लावायचा की नाही हे पैसे देणाराही ठरवतो, आणि तोही प्यायलेला असू शकतो. ज्याच्यावर बळजबरी झाली तो पोलिसांत गेला तर तक्रारदार म्हणून आत जाईल आणि आरोपी म्हणून बाहेर येईल. केनियाच्या उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये कलम १६२ कायम ठेवलं. आपल्याकडे त्याचं भावंड असलेलं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं होतं. दोन्ही कलमं इंग्रजांच्याच राजवटीतली. विषाणूच्या वाटा शोधताना कायद्याची पोथी उघडावी लागते, हे मला प्रत्येक वेळी नव्याने चकित करतं.

दोन पाहण्यांच्या मधल्या काळात मोंबासात काय केलं होतं? धंद्यातलेच चाळीस जण निवडून त्यांना शिकवलं. रोग कसा पसरतो, समोरच्याशी बोलायचं कसं, आणि कंडोमबरोबर जेलची पाकिटं का द्यायची. बस, चाळीस माणसं. गिऱ्हाइकांबरोबर नेहमी कंडोम वापरणाऱ्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ५० वर गेलं. या चाळिसांपैकी कुणी ज्यांना भेटलं होतं, त्यांच्यात तपासणी करून घेणारेही जास्त होते. डॉक्टरने सांगितलेलं दवाखान्यात राहतं. बारमध्ये शेजारच्या स्टुलावर बसलेल्या दोस्ताच्या खिशातलं पाकीट हे हातावरच्या शिक्क्याइतकंच जवळ असतं.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून धंदा करणाऱ्या बायकांच्याच हाती कंडोमवाटपाचं काम दिलं, आणि पुढे पुरुषांची व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना तिथेच उभी राहिली. मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ पासून आहे. तरीही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत, धंदा करणाऱ्या ७५ पुरुष व तृतीयपंथीयांपैकी तिघांमागे एकाला एचआयव्ही होता.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येऊ. निर्णय रात्रीतून उचलून सकाळी नेता येईल का? येतो, आणि कसा येतो हे विज्ञानातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक आहे.

एचआयव्ही पेशीत शिरला की आधी आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो. एकेक अक्षर पकडून मागच्याला जोडत जातो. टेनोफोव्हिर हे औषध त्यांतल्या एका अक्षराचं, अ‍ॅडेनिनचं, हुबेहूब सोंग आहे. फरक एवढाच, की पुढचं अक्षर जिथे अडकायचं तो हूकच त्याला नाही. रेल्वेच्या डब्याला पुढे जोडणी आहे आणि मागे काहीच नाही, असं समजा. विषाणू फसतो, तो डबा जोडतो, आणि गाडी तिथेच संपते. प्रत अपुरी राहते आणि लागण होत नाही. माणसाला एचआयव्ही व्हायच्या आधीच ही गोळी द्यायची, ती प्रेप.

यातलं खरं आश्चर्य पुढे आहे. टेनोफोव्हिर पेशीत शिरलं की त्याचं काम करणारं रूप तिथे दिवसचे दिवस मुक्काम करतं, आणि गुदाशयाच्या अस्तरात तर ते योनीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त साठतं. जी भिंत सर्वांत पातळ, तिथेच पहारा सर्वांत दाट! या पुरुषांसाठी याचा अर्थ काय? एखादी रात्र दारूत गेली, दुसऱ्या दिवशी गोळी विसरली, तरी सगळं वाया जात नाही. आयप्रेक्स या मोठ्या अभ्यासात आधी, २०१० साली, लागण सरासरी ४४ टक्केच घटलेली दिसली होती, कारण अनेकांच्या रक्तात औषधच नव्हतं. पुढच्या टप्प्यात रक्तातलं औषध मोजलं. आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्यांइतकं औषध ज्यांच्यात सापडलं, त्यांच्यात एकही नवी लागण दिसली नाही. सातांपैकी चार! म्हणून काही गोळी मुद्दाम सोडायची नसते. सल्ला रोजचाच आहे. पण विसराळू, थकल्या, प्यायलेल्या माणसाला सांभाळून घेणारं औषध किती दुर्मीळ असतं, हे घरात कुणाला रोजची गोळी असेल तर तुम्हाला चांगलं माहीत असेल.

केनियाने प्रेप देशभर द्यायला २०१७ साली सुरुवात केली. गरीब देशांत वाटल्या जाणाऱ्या एचआयव्हीच्या गोळ्यांपैकी बहुतेक भारतात बनतात. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केलं, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता.

गोळीला मर्यादा आहेत. परमा आणि उपदंश तिला जुमानत नाहीत. गुदाशयातला आणि घशातला परमा तर बहुतेक वेळा काही लक्षणच दाखवत नाही, त्यामुळे नुसती लघवी तपासणाऱ्या दवाखान्यातून तो हसतमुखाने निसटतो. आणि तो आत असला की एचआयव्हीचं दार आणखी किलकिलं होतं. तपासणी करायची तर तिन्ही जागांची करायला हवी, आणि त्यासाठी माणसाला आपण काय करतो हे डॉक्टरला न घाबरता सांगता यायला हवं.

आता निर्णय सकाळच्याही मागे सरकतो आहे. एचआयव्हीचा गाभा एका शंकूसारख्या कवचात असतो. एकाच प्रथिनाच्या दीडेक हजार प्रती एकमेकींत गुंफून ते उभं राहतं. हे कवच ठरल्या वेळी जुळायला हवं आणि ठरल्या वेळी उलगडायला हवं. लेनाकापाविर हे नवं औषध त्या प्रतींच्या सांध्यात जाऊन बसतं आणि कवचाची सगळी लवचीकता बिघडवून टाकतं. पोटाच्या कातडीखाली त्याचं इंजेक्शन दिलं की तिथे औषधाचा साठा होतो आणि तो सहा महिने झिरपत राहतो. वर्षाला दोन सुया! २०२४ मध्ये पुरुष आणि तृतीयपंथीयांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. इंजेक्शन घेणाऱ्या २,१७९ जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली.

अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला हजारो डॉलर आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ कंपनीने १२० देशांसाठी स्वस्त प्रती बनवायचे परवाने सहा कंपन्यांना दिले. त्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत. २०२७ पासून वर्षाला साधारण चाळीस डॉलरला हे औषध पुरवायचे करारही झाले आहेत. ती स्वस्त सुई मोंबासाच्या दवाखान्यात पोचेल. तिथे कलम १६२ अजून लागू आहे, आणि इंजेक्शन घ्यायला वर्षातून दोनदा त्या दवाखान्याचं दार उघडून आत जावं लागेल.